पॉइंट ठेवायचे का इलेक्ट्रॉनिक किट बसवायचं? जुनी गाडी नवीन घेतलेल्यांसाठी

पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, हेराल्ड नाहीतर पेट्रोलवरची जुनी जीप, यातलं काहीतरी नुकतंच दारात येऊन उभं राहिलं असेल तर आठवड्याभरात कुणीतरी सांगणारच, पहिलं ते पॉइंट काढून टाका आणि इलेक्ट्रॉनिक किट बसवा, डोक्याचा ताप संपला. आणि दुसरा कुणीतरी तेवढ्याच ठामपणे सांगणार की भावा किटच्या नादाला लागू नको, गगनबावड्याच्या पुढं घाटात बंद पडलं तर काय करणार. दोघंही खरंच बोलत असतात. पॉइंट म्हणजे इंजिनात स्पार्क पडावा म्हणून करंट तोडणारा छोटा स्विच, आणि किट म्हणजे तेच काम न घासता करणारा इलेक्ट्रॉनिक भाग. पॉइंट कुरकुर करत करत जातात, चार दिवस आधीपासून गाडी सांगत असते, आणि रस्त्याकडेला स्क्रू ड्रायव्हरनं त्यांना परत जागेवर आणता येतं. किट वर्षानुवर्षं काही मागत नाही, पण जातं तेव्हा बहुतेक वेळा न सांगता जातं आणि गेलं की गेलं. राहिली तिसरी गोष्ट जी कुणीच सांगत नाही, ती म्हणजे इग्निशनमुळं बंद पडणाऱ्या गाड्यांतल्या बऱ्याचशा ना पॉइंटमुळं पडतात ना किटमुळं, त्या पडतात सैल वायर, फालतू रोटर, गंजलेलं अर्थिंग आणि झिजलेल्या बुशमुळं. म्हणून खालची कामं ज्या क्रमानं लिहिलीत त्याच क्रमानं करा, किट सगळ्यात शेवटी.

आधी आत काय चालतं ते

बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये जातात. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा कॉइलच्या आतल्या प्रायमरी गुंडाळीतून तीन-चार अँपिअर करंट वाहतो आणि तिथं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. डिस्ट्रिब्युटरमधला, गॅरेजच्या भाषेत डेल्कोमधला, कॅम फिरतो, पॉइंट उघडतो, करंट तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट उठतात, ते रोटर (आत फिरणारा, प्लगची पाळी लावणारा तुकडा) आणि कॅप (डिस्ट्रिब्युटरचं झाकण) यांच्यामधून ज्याच्या त्याच्या प्लगला जातात. करंट तुटताना पॉइंटवरच ठिणगी पडू नये आणि तो झटक्यात तुटावा म्हणून शेजारी कंडेन्सर असतो. ही सगळी मांडणी चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनियरची, १९१० च्या आसपासची, आणि पुढची साठेक वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या त्याच्यावरच पळाल्या. क्रायसलरनं अमेरिकेतल्या आपल्या गाड्यांना १९७३ पासून सरसकट इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिलं. आपल्याकडं मात्र पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर त्यानंतरही लै वर्षं पॉइंटवरच निघत होत्या.

चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला फिरत असलं तर पॉइंट मिनिटाला ६००० वेळा उघडतात, म्हणजे सेकंदाला १००. प्रत्येक वेळी पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासते आणि प्रत्येक वेळी दोन बारीक टिकल्यांमध्ये करंट तुटतो. टाच झिजली की गॅप कमी होतो, गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागं सरकतं, म्हणजे स्पार्क उशिरा पडतो. पॉइंटवरची गाडी हळूहळू "जड" होते ती यामुळं, आणि रोज चालवणाऱ्याला ते कळतही नाही.

किटमध्ये टाच नाही, टिकल्या नाहीत. कॅमवर मॅग्नेटची रिंग बसते, शेजारच्या मॉड्यूलमधला हॉल सेन्सर ती वाचतो आणि आतला ट्रान्झिस्टर करंट तोडतो. काही किटमध्ये मॅग्नेटऐवजी प्रकाशाचा किरण असतो. घासायलाच काही नसल्यामुळं एकदा लावलेलं टायमिंग जागेवर राहतं. बाकी कॉइल, रोटर, कॅप, प्लग वायरी, अ‍ॅडव्हान्सची वजनं, व्हॅक्यूमचा डायफ्रॅम (ही दोन्ही इंजिनच्या वेगाप्रमाणं आणि ओझ्याप्रमाणं स्पार्क लवकर पाडतात), सगळं तेच जुनं.

पायरी १ : तुमच्या गाडीत नक्की काय आहे ते बघा

कॅप काढा. दोन क्लिपा नाहीतर दोन स्क्रू असतात. आत पॉइंट आहेत का आधीच्या मालकानं किट बसवलंय ते दिसेलच, तीन-चार हात बदललेल्या गाडीत काहीही निघू शकतं. मग बॅटरीकडं बघा, बॉडीला कुठलं टोक जोडलंय? बहुतेक गाड्यांत निगेटिव्ह असतं, पण ब्रिटिश बनावटीच्या काही जुन्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या असतात आणि निगेटिव्ह अर्थचं किट तिथं लावलं तर चावी फिरवताक्षणी त्याची राख. किट घेताना ही पहिली माहिती दुकानदाराला द्यायची.

नंतर कॉइल. दोन्ही वायरी काढून मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा, आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना लावून काय आकडा येतो तो बघा, मग कॉइलच्या प्लस-मायनसवर मोजा आणि आधीचा आकडा वजा करा. ३ ओहमच्या आसपास आलं तर साधी १२ व्होल्टची कॉइल. दीडच्या आसपास आलं तर ती बॅलास्ट रेझिस्टरवाली कॉइल आहे, म्हणजे जिला करंट आवरायला बाहेरून वेगळा रेझिस्टर लागतो, आणि गाडीत कुठंतरी रेझिस्टर किंवा रेझिस्टन्सची वायर असायला पाहिजे. नसेल तर कुणीतरी चुकीची कॉइल बसवलीय आणि तुमचे पॉइंट वारंवार का जळतात त्याचं उत्तर इथंच मिळालं.

पायरी २ : दोन्हीला लागणारी कामं

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. लोक ही पायरी सोडतात, थेट किट बसवतात आणि मग किटला शिव्या घालतात.

पहिलं बुश, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी. रोटर काढून डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट दोन बोटांत धरा आणि आडवा हलवून बघा. वर-खाली थोडा खेळ असतो तो चालतो, पण आडवा डगडग हलत असेल तर बुश गेलंय. मग पॉइंटचा गॅप कितीही नीट लावा, कॅमच्या प्रत्येक टोकाला (लोबला) वेगळा येणार, आयडलला गाडी लंगडणार आणि टायमिंग लाइटखाली (स्पार्कबरोबर चमकणारा, पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) खूण एका जागी थांबायची नाही. किट हे थोडंफार सहन करतं, आणि म्हणूनच बऱ्याच लोकांना किट बसवल्यावर "गाडी नवी झाली" असं वाटतं, प्रत्यक्षात त्यांनी गेलेलं बुश झाकून ठेवलेलं असतं. जास्तच हलायला लागलं की मॅग्नेटची रिंग मॉड्यूलला घासते आणि मग दोन्ही जातात. या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान बगा, शिवाजी उद्यमनगरात लेथवर बसलेला चांगला टर्नर जुना शाफ्ट बघून गनमेटलचं नाहीतर फॉस्फर ब्रॉन्झचं बुश काढून देतो. दुसऱ्या गावातली माणसं त्यासाठी आख्खा डिस्ट्रिब्युटर शोधत फिरतात. शाफ्ट स्वतःच झिजला असेल तर तोही दाखवा, नुसतं बुश बदलून भागत नाही.

तिथं डिस्ट्रिब्युटर उघडलाच आहे तर बेसप्लेटच्या खाली सेंट्रिफ्यूगल अ‍ॅडव्हान्सची दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात त्या साफ करून हलकं तेल द्या. दोन स्प्रिंगा सारख्या नसल्या तर घाबरू नका, बऱ्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये एक मुद्दाम सैल आणि एक ताठ असते. रोटर हातानं फिरवून सोडला की चटकन मागं यायला पाहिजे, अडकत असेल तर पिकअप मरतो. व्हॅक्यूमच्या नळीला तोंडानं ओढून बघा, प्लेट हलली आणि जीभ लावून धरल्यावर तशीच राहिली तर डायफ्रॅम ठीक.

मग व्होल्टेज. चावी ऑन, पॉइंट मिटलेले, आणि कॉइलच्या प्लसला किती व्होल्ट येतात ते मोजा, मग बॅटरीवर मोजा. साध्या कॉइलला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असला तर वाटेत कुठंतरी गळती आहे, इग्निशन स्विच, फ्यूज, नाहीतर डॅशबोर्डच्या मागचे हिरवे पडलेले जोड. यावर सोपा उपाय म्हणजे कॉइलला बॅटरीकडून रिलेमार्फत (थोड्या करंटनं जास्त करंट चालू करणारा स्विच) सरळ वायर द्यायची, मध्ये फ्यूज घालून, आणि जुन्या चावीच्या वायरनं फक्त रिले ओढायचा. या मोजमापानंतर चावी लगेच बंद करा, इंजिन बंद आणि इग्निशन चालू अशी गाडी ठेवली की कॉइल तापते आणि किट असेल तर मॉड्यूल जळण्याचं हे एक नंबरचं कारण. गाडीत बसून गाणी ऐकायची सवय असलेल्यांनी टेपची वायर इग्निशनवरून काढून अ‍ॅक्सेसरीवर घ्यावी.

अर्थिंगचं तसंच. इंजिनपासून बॉडीपर्यंत एक जाड पट्टी असते आणि डिस्ट्रिब्युटरच्या आत हलणाऱ्या प्लेटपासून बाहेरच्या भांड्यापर्यंत एक बारीक विणलेली वायर असते. ती आतली वायर तुटलेली असली की गाडी सरळ रस्त्यावर चालते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मिसिंग मारते, कारण व्हॅक्यूमनं प्लेट हलली की कनेक्शन जातं. माणूस कार्बोरेटर उघडून बसतो आणि दोष असतो बोटभर वायरचा.

रोटर आणि कॅप. रोटर चांगल्यातला घ्या आणि जुना चालू स्थितीतला फेकू नका. हल्लीच्या स्वस्त रोटरमध्ये पितळी पट्टीखालच्या रिव्हेटमधून स्पार्क शाफ्टला उतरतो, बाहेरून रोटर नवाकोरा दिसतो आणि गाडी मात्र बंद. कॅपच्या आत पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर तडा आहे, बदला. मधला कार्बनचा ठोकळा स्प्रिंगवर आत-बाहेर होतो का बघा. पावसाळ्यात सकाळी गाडी चालू होत नसेल तर निम्म्या वेळा कॅपमधली ओल हेच कारण, आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर म्हणजे काही सांगायला नको, राधानगरी-गगनबावड्याकडं जाणार असाल तर कोरडं फडकं आणि ओल घालवणारा स्प्रे गाडीत ठेवाच. किट बसवलं म्हणून ओल लागायची थांबत नाही.

पायरी ३ : पॉइंट एकदा स्वतःच्या हातानं लावा

पुढं किट बसवायचं ठरलं असलं तरी हे करा.

नवीन पॉइंटच्या टिकल्यांवर गंज लागू नये म्हणून तेलकट थर असतो, तो पेट्रोलच्या फडक्यानं पुसा, नाहीतर नवे पॉइंट बसवून गाडी चालूच होत नाही आणि माणूस वेड्यासारखा बाकीचं खोलतो. पॉइंट बसवून स्क्रू हलकाच आवळा. गाडी चौथ्या गिअरला टाकून पुढं-मागं ढकला किंवा पुलीच्या नटानं इंजिन फिरवा, चावी बंद असताना, आणि टाच कॅमच्या बरोबर टोकावर आणा. तिथं फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांचं माप, घाला. लुकासच्या डिस्ट्रिब्युटरच्या अ‍ॅम्बेसेडरला ०.३५ ते ०.४० मिमी, म्हणजे १४ ते १६ थाऊ (इंचाचा हजारावा भाग), बाकी गाड्यांना त्यांच्या मॅन्युअलप्रमाणं, साधारण ०.३५ ते ०.५० मिमीच्या आतच असतं. पातं हलकं घासत सरकलं पाहिजे. स्क्रू आवळा आणि परत मोजा, कारण आवळताना गॅप हमखास हलतो.

जुन्या पॉइंटवर फिलर गेजचा भरवसा नाही, एका टिकलीवर उंचवटा आणि दुसरीवर खड्डा झालेला असतो, पातं उंचवट्यावर टेकतं आणि खरा गॅप जास्त राहतो. त्यासाठी ड्वेल मीटर (पॉइंट किती वेळ मिटलेले राहतात ते मोजणारा) बरा, आणि आता बऱ्याच साध्या मल्टिमीटरमध्येही ड्वेलची सोय असते. कॅमला ग्रीसचं अगदी बारीक बोट लावा, जास्त लावलं तर उडून टिकल्यांवर जातं. रोटरखालच्या नमद्यावर तेलाचा एक थेंब.

कंडेन्सर गेलाय हे कसं ओळखायचं? पॉइंटमध्ये मोठी निळी-पिवळी ठिणगी दिसते, गाडी मिसिंग मारते, नवे पॉइंट थोड्याच दिवसांत काळे पडतात. आज पॉइंटवाल्या गाड्यांचं खरं दुखणं पॉइंट नाहीतच, बाजारात मिळणारे हलके कंडेन्सर आहेत. कंडेन्सर हा किटसारखाच न सांगता जातो, "पॉइंट कधी दगा देत नाहीत" म्हणणारे हे सोयीस्करपणे विसरतात. फरक एवढाच की तो खिशात मावतो, कॉइलच्या मायनसला आणि बॉडीला बाहेरून जोडला तरी गाडी घरी येते.

असं लावून महिना-दोन महिने चालवा. गाडी सकाळी कशी चालू होते, पन्हाळ्याच्या चढाला कशी ओढते, सिग्नलला कशी थांबते ते लक्षात राहू द्या. हे माहीत नसलं तर किटनं फरक पडला का नाही हे तुम्हाला कधीच सांगता येणार नाही.

पायरी ४ : आता ठरवा

गाडी रविवारी रंकाळ्याला फेरी मारण्यापुरती, दसऱ्याला बाहेर काढण्यापुरती असेल, स्वतः हात काळे करायची आवड असेल, तर पॉइंट राहू द्या. वर्षातून एकदा गॅप बघितला की झालं. मूळ स्थितीतली गाडी म्हणून जपायची असेल तर प्रश्नच मिटला.

रोज कोल्हापूर-निपाणी नाहीतर गोकुळ शिरगावला कामाला जायला वापरत असाल, मेकॅनिक दरवेळी "गॅप लावून देतो" म्हणून बोलावत असेल, तर किट बसवा, माझं मत तिकडंच झुकतं. थंडीत स्टार्टिंग सुधारतं, जास्त आरपीएमला गाडी साफ पळते. मायलेजमध्ये जादू होईल असं मात्र मानू नका, नीट लावलेल्या पॉइंटच्या तुलनेत फरक थोडकाच, वाईट लावलेल्या पॉइंटच्या तुलनेत भरपूर.

एक अडचण सांगून ठेवतो. बॅटरी अगदी बसलेली असली तर पॉइंटवाली गाडी धक्क्यावर चालू होते, पण बरीच मॉड्यूलं सेल्फ मारताना व्होल्टेज आठ-नऊच्या खाली गेलं की स्पार्क देतच नाहीत. महिनोन्महिने उभी राहणारी गाडी असेल तर आधी बॅटरीचं बघा.

पायरी ५ : किट बसवताना

बॅटरीचं अर्थचं टोक काढा. कॅपवर प्लग वायरींना चिकटपट्टीनं १, २, ३, ४ नंबर द्या, मोबाइलवर फोटो काढा, रोटरचं तोंड कुणीकडं आहे त्याची भांड्यावर खूण करा. डिस्ट्रिब्युटर जागेवरून अजिबात हलवू नका.

पॉइंट आणि कंडेन्सर काढा, प्लेट साफ करा, वर सांगितलेली बारीक अर्थ वायर जागेवरच राहिली पाहिजे. मॉड्यूल स्क्रूनं बसवा, मॅग्नेटची रिंग कॅमवर खटकन बसेपर्यंत दाबा. रिंग आणि मॉड्यूलमधलं अंतर किटच्या कागदावर दिलं असेल तेवढंच ठेवा. बाहेर येणाऱ्या दोन वायरी रबरी ग्रोमेटमधून घ्या आणि प्लेट पूर्ण हलवून बघा, वायर ताणली जाते का, रोटरला लागते का, कारण इथं घासून तुटलेली वायर म्हणजे पुढच्या वर्षीचा ब्रेकडाउन.

निगेटिव्ह अर्थच्या गाडीत बहुतेक किटची लाल वायर कॉइलच्या प्लसला आणि काळी मायनसला जाते, पण रंगांवर विसंबू नका, किटच्या कागदावर बघून जोडा. बॅलास्ट असेल तर लाल वायर रेझिस्टरच्या आधी, चावीकडच्या बाजूला, म्हणजे तिला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात. कॉइलचा रेझिस्टन्स किटला चालतो का ते कागदावर तपासा, कमी ओहमची कॉइल लावली की मॉड्यूलमधून जास्त करंट जातो आणि ते भाजतं. तांब्याच्या तारेच्या साध्या प्लग वायरी असतील तर रेझिस्टन्सवाल्या घ्या, काही किटना साध्या वायरींच्या रेडिओ लहरींचा त्रास होतो. आणि पुढं कधी गाडीला वेल्डिंग करायचं झालं तर बॅटरी आणि किट दोन्हीच्या वायरी काढल्याशिवाय वेल्डरला हात लावू देऊ नका.

पायरी ६ : टायमिंग

किट बसवल्यावर टायमिंग परत लावायलाच लागतं, "आहे तिथंच बसवलंय" हे कारण चालत नाही. पॉइंटला टेस्ट लॅम्प चालतो, एक टोक कॉइलच्या मायनसला, दुसरं बॉडीला, चावी ऑन करून इंजिन हळू फिरवायचं, दिवा लागला तो क्षण म्हणजे पॉइंट उघडले. किटला ही पद्धत नको, चावी फार वेळ ऑन राहते. टायमिंग लाइट वापरा, व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद करा, आयडलला खूण बघा आणि डिस्ट्रिब्युटर बारीक फिरवून लावा. नंतर रस्त्यावर नेऊन चढाला टॉप गिअरमध्ये दाबा, कडकड आवाज आला तर थोडं मागं घ्या.

पायरी ७ : रस्त्यात बंद पडली तर

आधी स्पार्क आहे का बघा. जुना प्लग एका वायरला लावून त्याची बॉडी इंजिनला टेकवा आणि सेल्फ मारा. कॉइलची वायर नुसती हवेत लोंबत ठेवून सेल्फ मारू नका, किटवाल्या गाडीत तर मुळीच नाही. स्पार्क असेल तर पेट्रोलकडं बघा, उन्हाळ्यात गरम गाडी बंद पडते आणि थंड झाली की चालू होते तेव्हा कॉइल जेवढी गुन्हेगार असते तेवढीच पेट्रोलची वाफही, आणि आता इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं जुन्या रबरी नळ्या लवकर खराब होतात ते वेगळंच. स्पार्क नसेल तर कॉइलच्या प्लसला करंट येतो का, वायर निसटलीय का, रोटर बदलून बघा, आणि मग शेवटी मॉड्यूल.

म्हणून किट बसवलेल्यानं डिकीत एक डबी ठेवायची. तिच्यात चालू स्थितीतले जुने पॉइंट, टिकल्या पुसून आणि बारीक तेलाचा हात देऊन, चालू असताना काढलेला कंडेन्सर, त्यांचे ते बारीक स्क्रू, कारण किटचे स्क्रू बऱ्याचदा वेगळ्या मापाचे असतात, फिलर गेजचं एक पातं, एक रोटर आणि थोडी वायर. डिस्ट्रिब्युटरमध्ये स्क्रू पडला तर बाहेर काढायला मॅग्नेट लावलेला छोटा स्क्रू ड्रायव्हर पण टाका. आणि घरी निवांत असताना एकदा किट काढून पॉइंट परत बसवून गाडी चालू करून बघा, म्हणजे करूळ घाटात पावसात छत्री धरून हे पहिल्यांदा करायची वेळ येणार नाही.